दुसऱ्याच्या नाकाचा मान

वाईन टेस्टिंगला जाताना अत्तर लावू नये. या पुस्तिकेत पुढे पुष्कळ नियम येतील, त्यांतले काही वाचून वाचक हसतील, काही विसरतील. पण हा एक लक्षात राहिला तरी पुस्तिकेचं निम्मं काम झालं असं मी म्हणेन. अत्तरात डिओ आला, आफ्टरशेव्ह आलं, सुवासिक तेल आलं, दारातून आत येताना हातावर चोळलेलं सॅनिटायझर आलं आणि, सांगताना जिवावर येतं, पण मोगऱ्याचा गजराही आला. लग्नाकार्यात जो नसला तर चुकल्यासारखं वाटतं, तोच गजरा टेस्टिंग रूममध्ये शेजारच्या चार माणसांचं काम बिघडवतो. माळणारीला त्याचा पत्ताही नसतो. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. त्यामुळे आपला सुगंध आपल्यापुरता विरून गेलेला असतो आणि शेजाऱ्यासाठी भरपूर शिल्लक असतो.

सुरुवात अत्तरापासून केली ती मुद्दाम. वाईन टेस्टिंगचे शिष्टाचार म्हटले की आपल्याकडे माणसं दोन गटांत पडतात. पहिल्या गटाला ही साहेबी थेरं वाटतात, आणि ती आपल्याला जमणार नाहीत म्हणून तो मनातून धास्तावलेला असतो. ग्लास चुकीचा धरला तर? नाव चुकीचं उच्चारलं तर? शेजारचा हसला तर? दुसरा गट कशालाच घाबरत नाही. पैसे भरलेत, सहा ग्लास आपले, ते रिकामे करायचे आणि पुढच्या वायनरीकडे गाडी काढायची, असा त्याचा रोकडा हिशेब. या दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं की इथले जवळजवळ सगळे नियम एकाच गोष्टीतून निघाले आहेत. खोलीतली हवा सगळ्यांची आहे आणि तिथे जमलेला प्रत्येकजण नाकानं काम करतो आहे. त्याच्या नाकाच्या आड यायचं नाही, आणि नाकानं दिलेला कौल तो मनात जुळवत असेल तर त्याच्याही आड यायचं नाही. बाकी सगळा तपशील. फ्रेंच उच्चार त्यात कुठेच येत नाहीत.

अशी पुस्तिका मराठीत का हवी, तर वाईन आपल्या दारात येऊन बसली आहे म्हणून. देशात सर्वांत जास्त वाईन महाराष्ट्रात होते आणि त्यातली बरीचशी नाशिक जिल्ह्यात. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला इंडेज उभी केली, तिथली फसफसती वाईन ‘ओमर खय्याम’ या नावानं परदेशात गेली. पण वायनरीत जाऊन चव घेण्याची चाल पडायला आणखी बराच काळ जावा लागला. १९९९ साली राजीव सामंतांनी नाशिकजवळ सुला सुरू केली, २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि २००५ साली गंगापूर धरणाच्या अंगाला सुलाची टेस्टिंग रूम उघडली. मग दिंडोरीकडे वायनऱ्या झाल्या, विंचूरला वाईन पार्क झालं, तिकडे सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील बंधूंनी इटालियन भागीदारांबरोबर फ्रातेल्ली काढली. ज्या पट्ट्यात थॉमसन आणि शरद सीडलेसचे घड विरळणी करून, मोजूनमापून वाढवले जात, तिथे शिराझ आणि सोव्हिन्यों ब्लांच्या वेली तारांवर चढल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागू लागली. वेली बाहेरून आल्या, टाक्या आल्या, तज्ज्ञ आले. वागायचं कसं हे मात्र सोबत कुणी आणलं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा वाईन ही दारू आहे की नाही यावर महाराष्ट्रभर वाद झडले. या पुस्तिकेपुरतं उत्तर सोपं आहे. जिच्यात बारा-तेरा टक्के अल्कोहोल आहे ती दारूच. ज्याला ती नको असेल त्यानं हे पान इथेच मिटलं तरी त्याच्याबद्दलचा आदर कमी होणार नाही. आणि ज्याला हवी असेल त्यानं ‘फळांचाच तर रस’ ही समजूत टेस्टिंग रूमच्या बाहेर ठेवून आत यावं.

आता नाकाचं काम काय ते थोडं पाहू. जिभेला कळतं ते फार थोडं: गोड, आंबट, खारट, कडू आणि हल्ली ज्याला उमामी म्हणतात ते. पेरू, जांभूळ, लिंबाची साल, ओली माती, भाजलेला पाव ही सगळी ओळख नाकाकडे. थोडी समोरून हुंगताना पटते, पुष्कळशी घोट तोंडात असताना घशामागच्या वाटेनं. ग्लास गोल फिरवतात तेव्हा वाईन काचेवर पसरते, वास देणारे रेणू जास्त सुटतात आणि वर निमुळत्या होत गेलेल्या तोंडाशी साठतात. टेस्टिंगच्या ग्लासचं आंतरराष्ट्रीय मानक १९७७ सालचं आहे. त्यात एकूण मावतं २१५ मिलीच्या आसपास आणि ओतायचं फक्त ५०. वरची तीन चतुर्थांश जागा वासासाठी राखलेली. ‘अरे दादा, एवढीशीच?’ हा जो प्रश्न नाशिकच्या काउंटरवर दर शनिवारी विचारला जातो, त्याचं उत्तर त्या रिकाम्या जागेत आहे. काठोकाठ भरलेला ग्लास फिरवून बघा. वाईन शेजाऱ्याच्या बाहीवर जाते.

ग्लास दांड्याला का धरायचा यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. पांढरी वाईन आठ-दहा अंशांवर ओतलेली असते, तळहात तिशीच्या वर. शिवाय ग्लास धरलेला हात नाकापासून चार बोटांवर येतो आणि त्या हाताला सकाळच्या नाश्त्याचा वास असतो.

नाश्त्याचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकतो. नाशिकला आलेला माणूस सकाळी मिसळ खाणारच. खाऊ नये असं म्हणायची माझी छाती नाही. पण काळ्या रश्श्याची मिसळ चापून तासाभरात टेस्टिंगला उभं राहणं म्हणजे पैसे पाण्यात. मिरचीतलं कॅप्सायसिन आणि अल्कोहोल ही दोन्ही तोंडातल्या त्याच संवेदकाला चेतवतात, जो एरवी भाजल्याची जाणीव देतो. त्यामुळे आधीच पोळलेल्या तोंडाला वाईन नुसती जाळ वाटते आणि तिच्यातलं नाजूक फळ हाती लागत नाही. मिसळ सकाळी आठला, टेस्टिंग अकराच्या पुढे, असा बेत आखावा. मधल्या वेळात पान, गुटखा, सिगारेट, बडीशेप, मिंटची गोळी यांतलं काही नको. काउंटरवर पाव किंवा बिनमिठाची बिस्किटं ठेवलेली असतात ती तोंड कोरं करण्यासाठी. चखणा समजून तिसऱ्या बशीची मागणी करणारे भेटतात. त्यांना चिवडा हवा असतो, आणि त्यांची अडचण मला समजते, पण मसाला शेंगदाण्यानंतर शेनिन ब्लांला काही सांगायला जागा उरत नाही.

चव घेण्याचा क्रमही असाच सोयीतून ठरलेला आहे. हलकी आधी, जड नंतर; पांढरी आधी, लाल नंतर; कोरडी आधी, गोड सर्वांत शेवटी. जिलबी खाऊन चहा प्यायला की तो अगोड लागतो, तेच इथे होतं. लाल वाईनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंड कोरडं पडतं, आवळ्यासारखा तुरटपणा येतो आणि त्यानंतरची पांढरी वाईन पाणचट वाटते. ‘मला आधी ती शेवटची गोडवाली द्या’ म्हणणाऱ्याला ओतणारा मुलगा नाही म्हणत नाही. पण पुढच्या पाच वायनी त्या माणसापुरत्या वाया गेल्या हे त्याला ठाऊक असतं.

थुंकण्याचा विषय काढणं अवघड आहे, कारण ‘येथे थुंकू नये’ ही पाटी वाचत आपण मोठे झालो आणि ती पाटी बरोबरच आहे. टेस्टिंगमध्ये मात्र थुंकणं हीच रीत. धंद्यानं वाईन चाखणारी माणसं एका बैठकीत डझनावारी वायनी तोंडात घेतात. प्रत्येक घोट गिळला तर दुपारी त्यांना स्वतःची टिपणंही वाचता येणार नाहीत. काउंटरवर त्यासाठी स्टीलचं किंवा चिनीमातीचं भांडं असतं. वाड्यातली पिकदाणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते समजावून सांगावं लागत नाही. घोट लहान घ्यावा, चहाचे दोन चमचे होतील एवढा. दहाएक सेकंद तोंडात चारी बाजूंना फिरवावा. मग भांड्याकडे वाकावं, ओढणी किंवा पदर एका हातानं आवरावा, ओठांचा चंबू करावा आणि एका दमात बारीक, सरळ धार सोडावी. हळूहळू सोडली तर ती हनुवटीवरून ओघळते. घरी मोरीत साध्या पाण्यानं सराव करून जावं. वाचून हसू येईल, पण कॅबर्नेचा शिंतोडा पांढऱ्या सदऱ्यावर उडाला की ते मावळतं. आणि त्या भांड्याशी गप्पा मारत उभं राहू नये. मागे तोंडात घोट धरलेला माणूस ताटकळत असतो आणि त्याला ‘जरा सरका’ म्हणता येत नाही.

न थुंकणाऱ्यांसाठी एक हिशेब. समजा सहा वायनी, प्रत्येकी ३० मिली. झाले १८०. आकडा ओळखीचा वाटेल. परमिट रूममधली क्वार्टर तेवढीच असते. व्हिस्कीच्या क्वार्टरमधल्या अल्कोहोलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही ते थोडं कमी भरतं, हे खरं. पण शनिवारी तीन वायनऱ्या पालथ्या घातल्या की हिशेब जवळपास बरोबरीला येतो, आणि मग कसारा घाट उतरायचा असतो. कायद्यानं गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल चालत नाही. गाडी चालवणाऱ्यानं एकतर प्रत्येक घोट थुंकावा किंवा, त्याहून बरं, नुसतं हुंगून समाधान मानावं. ‘ड्रायव्हरदादांनाही एक द्या हो’ हे औदार्य तर कुणीच दाखवू नये.

इथेच आपल्या पंगतीच्या वळणाशी टेस्टिंगची खरी गाठ पडते. पानात काही टाकायचं नाही, या शिस्तीत वाढलेल्या माणसाचा अर्धा ग्लास चांगली वाईन भांड्यात ओतून देताना जीव तुटतो. आजी आठवते, दुष्काळ आठवतो. तरी ओतावी. वाईन बनवणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. न आवडलेली वाईन केवळ पैसे दिलेत म्हणून नाक दाबून संपवणारा माणूस त्याला जास्त परका वाटतो.

त्याहून अवघड आहे तो आग्रह. आपल्याकडे आग्रह न करणारं घर कंजूष ठरतं. जिलब्यांच्या पंगतीत पैजा लावल्या गेल्या, श्रीखंडाच्या वाट्यांवर हात आडवे धरले गेले आणि त्या हातांवरूनही वाढलं गेलं. याला आपण प्रेम म्हणत आलो, आणि ते प्रेम होतंही. टेस्टिंग रूममध्ये मात्र हाच गुण दुर्गुण होतो. ‘अरे, घे रे एक घोट, वाईनच तर आहे’ हे वाक्य मी तिथे ज्या सुरात ऐकलं आहे, तो सूर थेट लग्नाच्या पंगतीतला. ज्याला म्हटलं जातं त्याची कारणं त्याच्यापाशी असतात. चतुर्थी असते. रक्तदाबाची गोळी चालू असते. पोटात मूल असतं आणि अजून कुणाला सांगितलेलं नसतं. दारूनं घरातलं माणूस गेलेलं असतं. यातलं एकही कारण काउंटरवर दहा जणांसमोर सांगायला लावू नये. ‘नको’ म्हटलं की ‘बरं’ म्हणावं, पाण्याचा ग्लास पुढे करावा आणि विषय बदलावा. न पिणारा माणूसही हुंगू शकतो. चार घोट पोटात गेलेल्या मित्रांपेक्षा त्याचं नाक बहुधा तल्लख असतं आणि तो सांगतो ते लक्ष देऊन ऐकण्यासारखं असतं.

आग्रहाचाच एक चुलतभाऊ म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं निवडणं. ‘मॅडमना ती गुलाबी द्या, गोड असते.’ मॅडमना तोंडाला कोरड पाडणारी शिराझ हवी असू शकते. त्यांना विचारावं.

शिराझचं नाव आलं तसा मतांचा विषय येतो, आणि माझ्या मते खरी असभ्यता इथे होते. ग्लास कसा धरला यात नाही. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो असं वर्षानुवर्षं म्हटलं जाई. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या वाईन संशोधकांनी त्यामागचा रेणू शोधून काढला. त्याचं नाव रोटंडोन, आणि आपल्या डब्यातल्या मिरीतही तोच असतो. त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट निघाली. चाचणीतल्या सुमारे एक पंचमांश माणसांना हा वास भरपूर मात्रेतही येतच नव्हता. त्यांच्या नाकात काही बिघाड नव्हता, तेवढा एक रेणू त्यांना कळत नव्हता. म्हणजे टेबलाभोवती पाचजण उभे असतील तर त्यांतल्या एखाद्यासाठी ती मिरी जन्मतःच नसणार. त्याला ‘तुला कळत कसं नाही? किती स्पष्ट आहे!’ असं म्हणणारा माणूस नाकानं कांदे सोलत असतो, आणि अज्ञानही त्याचंच उघडं पडतं.

बोलून मोकळं होण्याचा तोटा दुसराही आहे. पहिल्यानं मोठ्यानं ‘वा, स्ट्रॉबेरी!’ म्हटलं की उरलेल्या सगळ्यांना स्ट्रॉबेरी येऊ लागते. नाक असं सूचनेला बळी पडतं. २००१ साली बोर्डोच्या संशोधकांनी वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी वाईन ठेवली आणि तीच वाईन बिनवासाच्या रंगानं लाल करूनही ठेवली. लाल दिसणाऱ्या ग्लासचं वर्णन करताना विद्यार्थ्यांनी लाल वाईनचे शब्द वापरले. ही वाईन शिकणारी, बोर्डोमधली मुलं होती. तिथे शेजाऱ्याच्या तोंडून निघालेला एक शब्द आपलं काय करत असेल याचा अंदाज करावा. म्हणून शहाणे लोक सगळ्यांचं हुंगून, चाखून, दोन ओळी लिहून होईपर्यंत गप्प बसतात. चेहराही शक्यतो कोरा ठेवतात. नाक मुरडलेलं शेजाऱ्याला दिसतं.

गप्प बसणाऱ्यांच्या मेळ्यातही माणूस कसा घसरतो याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण पॅरिसमधलं आहे. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईन व्यापाऱ्यानं तिथल्या एका हॉटेलात फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वायनी नावं झाकून ठेवल्या. परीक्षक नामांकित होते. त्यांच्यातले काही टिपणं करता करता मोठ्यानं बोलू लागले आणि ही नक्की आपली, ती नक्की पलीकडची, असे शेरे मारू लागले. ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर हा तिथे हजर असलेला एकमेव पत्रकार. त्याच्या हातात क्रमांकांची यादी होती, त्यामुळे शेरे चुकताहेत हे त्याला जागच्या जागी दिसत होतं. निकाल लागला तेव्हा पांढऱ्यांत शॅटो माँटेलेना आणि लालमध्ये स्टॅग्ज लीप, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या १९७३ च्या वायनी, पहिल्या आल्या. परीक्षकांतल्या ओदेत कान या एका मोठ्या फ्रेंच वाईन मासिकाच्या संपादक. त्यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियरनं ती दिली नाही. या प्रसंगावर पुस्तक निघालं, सिनेमाही निघाला. मला त्यातली हार-जीत फारशी महत्त्वाची वाटत नाही. नाकानं जे सांगितलं ते नाव कळल्यावर मागे घ्यावंसं वाटणं, हा मोह मात्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. चार आकडी किमतीची बाटली आहे असं कळलं की न आवडलेली वाईन अचानक ‘गुंतागुंतीची’ वाटू लागते.

शब्दांची उसनवारी हाही त्यातलाच प्रकार. ब्लॅककरंट ज्यानं आयुष्यात खाल्लेलं नाही त्यानं ब्लॅककरंट म्हणू नये. सोव्हिन्यों ब्लांमध्ये ढोबळी मिरची चिरल्याचा हिरवा वास असतो, तो भाजी निवडणाऱ्या कुणालाही ओळखता येईल. जांभूळ, करवंद, कोकमाचं सोल, पेरूची साल, चिंचेचा कोळ, पहिल्या पावसानंतरचं अंगण, एवढ्या भांडवलावर नाशिकची कोणतीही वाईन वर्णन करता येते. वाईनमध्ये खरोखरच दोष असेल, पावसाळ्यात भिजलेल्या गोणपाटासारखा कुबट वास येत असेल, तर तोही सांगावा. मात्र खोलीला ऐकू जाईल असा नाही. ओतणाऱ्याला बाजूला घेऊन, ‘ही बाटली जरा बघता का?’ एवढं पुरतं. बुचाच्या बाटलीत हे होऊ शकतं. बूच खराब असणं हा वायनरीचा गुन्हा नाही आणि तो पकडणं हा आपला पराक्रमही नाही.

ओतणाऱ्याबद्दल दोन शब्द हवेतच. काउंटरपलीकडे उभी असलेली मुलं-मुली बहुधा आसपासच्या गावांतली असतात. त्यांच्यातल्या कितीकांच्या घरी द्राक्षबाग असते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असते, रिफ्रॅक्टोमीटरवर साखर बघणं त्यांना आपल्याला मोबाईल बघण्याइतकं अंगवळणी असतं. त्यांना ‘ए, इकडे ये’ म्हणणारा पाहुणा फ्रान्स फिरून आलेला असला तरी रीतीत नापास. त्यांना विचारलं की ती सांगतात. कोणत्या बाजूच्या बागेतली द्राक्षं आहेत, यंदा काढणी लवकर का झाली, जानेवारीच्या थंडीनं काय केलं. टेस्टिंगच्या पैशात हे ऐकणंही येतं आणि बहुतेक लोक ते न घेताच निघून जातात, कारण त्यांचं रील काढायचं राहिलेलं असतं. रील काढावं, जरूर काढावं. फक्त काउंटर अडवून नको.

बागेतून फिरताना वेलीवरची द्राक्षं तोडू नयेत. याची कथा शिष्टाचारांच्या इतिहासात मला सर्वांत आवडते. आपला द्राक्ष बागायतदार मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीला ‘बोर्डो’ म्हणतो. ही फवारणी आली बोर्डोजवळच्या मेदोक भागातून. रस्त्यालगतच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खात, म्हणून तिथले शेतकरी त्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं निळसर कालवण शिंपडत. हेतू एवढाच की पाहणाऱ्याला विष वाटावं. १८८२ साली बोर्डोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे यांच्या लक्षात आलं की आतल्या बागा डाऊनी या रोगानं झडल्या आहेत आणि रस्त्याकडच्या वेली हिरव्यागार आहेत. त्यांनी प्रयोग केले, १८८५ साली ते प्रसिद्ध झाले, आणि जगभरच्या द्राक्षबागांना औषध मिळालं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फुकट्या हातांमुळे विज्ञान पुढे गेल्याचं असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून काही आपण ती परंपरा चालवावी असं नाही. काढणी जवळ आलेल्या घडावर कसली फवारणी कधी झाली हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि घड कुणाचा आहे हे तर नक्कीच ठाऊक असतं. वाईनची द्राक्षं तशीही लहान, जाड सालीची, बियांनी भरलेली. तोडणाऱ्याच्या पदरी निराशाच पडते.

पुस्तिकेच्या पुढच्या भागांत ग्लास, तापमान, वाईनच्या जाती, लेबल कसं वाचायचं याबद्दल सविस्तर आहे. ते हवं तिथून उघडून वाचावं, क्रमानं वाचायची गरज नाही. मला जाता जाता एका प्रश्नाबद्दल बोलायचं आहे, कारण तो सर्वांना पडतो: टेस्टिंग झालं की बाटली घेतलीच पाहिजे का? नाही. पैसे भरून चव घेतली आहे, देणं फिटलं. मोठ्या वायनरीत कुणी वाट बघत नाही. एखाद्या लहान वायनरीत मालकानं स्वतः उभं राहून तासभर टाक्या दाखवल्या असतील आणि पैसे घेतले नसतील, तर एक बाटली घेणं शोभतं. तिथेही सर्वांत महागडी घ्यावी असं नाही. मालकानं ‘कुठली आवडली?’ असं विचारलं तर खरं सांगावं. पुष्कळांना शेवटची, गोड, लेट हार्वेस्ट शेनिन आवडलेली असते आणि ते सांगायला ते लाजतात, कारण जाणकार मंडळींनी तिच्याकडे पाहून भुवई उंचावलेली त्यांनी पाहिलेली असते. वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर वाढू देऊन ती बनवावी लागते, आणि बनवणाऱ्यानं ती कुणालातरी आवडावी म्हणूनच बनवलेली असते. घ्यावी, मार्चच्या उन्हात गाडीच्या डिकीत न ठेवता पायाशी सावलीत ठेवावी, घरी नेऊन फ्रिजमध्ये गार करावी. काकांनी तिच्यात बर्फाचे दोन खडे टाकले तरी वायनरीचा माणूस काही बघायला येत नाही.